तंजावरची वाट आणि पाठीवरचे ओझे

तंजावरचे दुसरे सरफोजी महाराज १८२० साली त्रिस्थळी यात्रेस निघाले, तेव्हा त्यांच्यासमवेत सुमारे तीन हजार माणसे होती. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेलेला. महाराजांच्या हाती तंजावरचा किल्ला, भोवतालची थोडी भूमी आणि राजेपणाचा मान एवढेच उरलेले. अशा या राजाने कंपनीची अनुज्ञा घेऊन कावेरीच्या काठापासून गंगेच्या काठापर्यंतची, दोन हजार किलोमीटरांहून अधिक लांबीची वाट धरली आणि १८२२ मध्ये तो स्वस्थानी परत आला. या यात्रेविषयी लिहिणारे अभ्यासक महाराजांनी काशीत मिळविलेल्या हस्तलिखितांविषयी लिहितात, तेथील घाटांच्या चित्रांविषयी लिहितात, आणि ते योग्यच आहे. आम्हांस मात्र निराळाच, काहीसा कारकुनी प्रश्न पडतो. या तीन हजार माणसांनी एवढा काळ अंगावर काय घातले आणि बरोबर काय बांधून नेले?

प्रश्न कारकुनी खरा, परंतु आमच्यासारख्यांच्या तो जिव्हाळ्याचा आहे. सरकारी नियमांनुसार वेतनस्तर ४ पर्यंतच्या केंद्रीय कर्मचाऱ्यास बदलीच्या वेळी १५०० किलो घरसामान नेण्याचा खर्च मिळतो. तोच कर्मचारी पुढे सुटीवर जाताना स्वतःच्या पैशाने विमानाचे तिकीट काढू लागला, की देशांतर्गत प्रवासात बहुतेक कंपन्या त्याला १५ किलो सामान आणि हातात ७ किलो एवढीच मुभा देतात. म्हणजे सरकारच्या दृष्टीने आमच्या संसाराचे जे वजन, त्याचा शंभरावा भाग विमानाच्या पोटात मावतो! तंजावरला नेमणूक झालेले महाराष्ट्रीय बंधू निघण्यापूर्वी पत्राने किंवा दूरध्वनीने एकच गोष्ट विचारतात : ‘तिकडे काय मिळते? बरोबर काय आणू?’ या प्रश्नाचे उत्तर देताना आम्हांस दरवेळी सरफोजी महाराजांची यात्रा आठवते, आणि त्यांनी वाटसरूंसाठी राखलेली छत्रेही आठवतात. त्या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध, ते पुढे सांगावयाचे आहे.

राजाच्या प्रवासाचे सामान राजा बांधीत नसे, हे सांगावयास नको. मराठी दरबारांत त्यासाठी स्वतंत्र कारखाने असत. अठरा कारखान्यांची यादी आपण शाळेत पाठ केली आणि विसरलो. प्रवासाच्या दृष्टीने ती पुन्हा वाचावी. तंबू, कनाती, बैठकी आणि जाजमे यांची व्यवस्था फरासखान्याकडे, वस्त्रे आणि अलंकार जामदारखान्याकडे, स्वयंपाक मुदपाकखान्याकडे, पिण्याचे पाणी आबदारखान्याकडे. आजच्या भाषेत बोलावयाचे, तर प्रत्येक पेटीस एक खाते आणि प्रत्येक खात्यास एक जबाबदार अधिकारी. मोठ्या स्वाऱ्यांत पेशखाना म्हणून आणखी एक युक्ती असे. डेऱ्यांचा दुसरा संच एक मजल पुढे पाठवावयाचा. आज ज्या तंबूत धनी निजला तो सकाळी मोडेपर्यंत पुढल्या मुक्कामी दुसरा उभा झालेला असावयाचा. यामुळे प्रवास करूनही प्रवास घडल्यासारखे वाटत नसे. धन्याचे घरच त्याच्यापुढे चालत असे.

या सुखाची किंमत वेळाच्या रूपाने द्यावी लागे. तीन हजार माणसे म्हटली की त्यांचे धान्य आले, जनावरे आली, जनावरांची वैरण आली, वैरण वाहणारी आणखी जनावरे आली. नदीला उतार मिळेपर्यंत थांबावे लागे, पावसाळ्यात वाट सोडून बसावे लागे. सामानाने सामान वाढते हा नियम तेव्हाही होता. यात्रा संपून मंडळी परतली ती गेली त्याहून अधिक ओझे घेऊन, कारण पोथ्यांची भर पडली होती. ते ओझे सरस्वती महालात आजही आहे, आणि त्याविषयी तक्रार करण्याचे धाडस कोणी करू नये!

आता पोशाखाकडे वळू. तंजावरच्या दरबारगृहात जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडविलेला सरफोजी महाराजांचा संगमरवरी पुतळा हात जोडून उभा आहे. त्या काळची तंजावरी चित्रेही पुष्कळ आहेत. मौल्यवान शिरोभूषण, रत्नांच्या माळा, जरीचे काठ हे सर्व त्यांत दिसते. परंतु चित्रासाठी बसताना जे घालावयाचे आणि मजल मारताना जे घालावयाचे, ते एक नव्हे. चित्रे पाहून ‘आपले पूर्वज केवढ्या भरजरी वस्त्रांत हिंडत!’ असे जे म्हणतात, त्यांनी लग्नाच्या छायाचित्रावरून आपल्या रोजच्या पोशाखाचा अंदाज कोणी केला तर काय होईल, याचा विचार करावा.

मराठी माणसाचा प्रवासाचा खरा पोशाख साधा आणि फार शहाणपणाचा होता. अंगात बाराबंदी किंवा अंगरखा. त्यास गुंड्या नाहीत, बंद आहेत. जेवणानंतर बंद सैल करावा, थंडीत घट्ट आवळावा, अंग सुकले वा सुटले तरी शिंप्याकडे धाव घ्यावी लागत नाही. कमरेस धोतर, ते रात्री पांघरूण होते, सकाळी स्नानानंतर वाळत पडते. खांद्यावर उपरणे; ते ऊन, धूळ आणि घाम यांवर एकच औषध. डोक्यास पागोटे. येथे पगडी आणि पागोटे यांतील भेद ध्यानात घ्यावा. पगडी बांधून तयार केलेली, ताठ, आकार ठरलेली. तिला दरबारात मान, पण प्रवासात ती म्हणजे स्वतंत्र पेटी मागणारी पाहुणी. पागोटे रोज नव्याने गुंडाळावयाचे, म्हणून ते सोडताही येते. सोडले की ते उशी होते, झोळी होते, प्रसंगी विहिरीतून लोटा काढण्यास दोरही होते. एका वस्त्राने चार कामे करावीत, हे हलक्या सामानाचे सारे शास्त्र त्या पागोट्यात आहे.

अडचण येई ती सोवळ्याची. शरीराची सोय एक सांगे आणि शुचितेचा नियम दुसरेच सांगे. सुती वस्त्र रोज धुवावे तरच सोवळे. रेशमी मुकटा आणि लोकरीची धाबळी यांस तेवढा विटाळ नाही. म्हणून उष्ण प्रदेशातून चाललेला ब्राह्मणही गाठोड्यात रेशीम वा लोकर बाळगी, ती थंडीसाठी नव्हे. अन्नाचेही तसेच. पाण्यात भिजविलेल्या पिठाची पोळी वाटेत चालत नसे, म्हणून दुधात भिजविलेल्या दशम्या. आज आपण दशमी चवीने खातो. तिची उत्पत्ती प्रवासाच्या निर्बंधात आहे, हे क्वचितच कोणाच्या मनात येते.

स्त्रियांच्या वस्त्राविषयी लिहिणारे पुरुष बहुधा फार बोलतात, म्हणून आम्ही थोडेच बोलू. काष्ट्याचे नऊवारी लुगडे चालण्यास, चढण्यास, घोड्यावर बसण्यासही सोयीचे. तंजावरच्या तमिळ ब्राह्मण घरांतही नऊवारच. मात्र नेसण्याची रीत निराळी, आणि दोन्ही घरच्या वडीलधाऱ्या स्त्रिया आपलीच रीत शास्त्रशुद्ध मानणार! या लुगड्याची हद्द कोठे येते ते १८८३ साली आनंदीबाई जोशी यांस कळले. त्या वर्षीच्या एप्रिलात त्या कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस निघाल्या. तेथील थंडीत काष्ट्याच्या लुगड्याने पाय पुरते झाकत नाहीत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. साडी सोडली नाही, नेसण बदलले. परमुलखात कोणते टिकवावे आणि कोणते बदलावे, याचा एवढा नेमका निर्णय अठरा वर्षांच्या मुलीने घेतला, याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटते.

राजे आणि राण्या यांस कारखाने होते. सामान्य यात्रेकरूकडे पडशी होती. मधोमध खांद्यावर टाकावयाची, पुढे एक पिशवी आणि मागे एक. पुढचीत वाटेत हाताशी लागणारे जिन्नस, मागचीत बाकीचे. तमिळ देशात शबरिमलैस जाणाऱ्यांची इरुमुडी डोक्यावर असते, पण तीही दोन कप्प्यांचीच : पुढच्यात देवाचे, मागच्यात स्वतःच्या वाटखर्चीचे. दोन भाषांनी स्वतंत्रपणे काढलेले हे एकच उत्तर आहे. पडशीवर वळकटी बांधली, कमरेस कसा लावला, हातात काठी आणि लोटा घेतला, की निघाले. विष्णुभट गोडसे वरसईहून उत्तर हिंदुस्थानात गेले आणि १८५७ च्या वणव्यात सापडले, तो वृत्तांत १९०७ साली छापला गेल्यापासून मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. वाटेत ते लुटले गेले, जवळचे द्रव्य गेले. पण आईवडिलांना स्नान घालण्यासाठी खांद्यावर घेतलेली गंगेची कावड त्यांनी घरी पोचविली. सामानातले काय जाऊ द्यावयाचे आणि काय काही झाले तरी न्यावयाचे, हे ज्याचे त्याला निघण्यापूर्वीच ठाऊक असावे लागते.

आता छत्रांविषयी. आमच्या मते तंजावरच्या मराठ्यांनी प्रवाशासाठी जे केले, त्यात याहून मोठे काही नाही. आणि तरीही महाराष्ट्रातून येणारा मराठी मनुष्य बृहदीश्वराचे देऊळ पाहतो, तेथल्या भिंतीवरील १८०३ चा भोसले वंशाचा मराठी शिलालेख पाहून छाती फुगवितो, आणि छत्रे न पाहता परततो. रामेश्वराच्या वाटेवर भोसले राजांनी ठिकठिकाणी छत्रे बांधली. त्यांतील कित्येक राजघराण्यातील स्त्रियांच्या नावांनी ओळखली जातात. निडामंगलम येथे यमुनांबाळचे, ओरत्तनाडु येथे मुक्तांबाळचे. १८०१ च्या जानेवारीत, राज्यकारभार हातून गेल्यानंतर दीड वर्षाच्या आत, सरफोजी महाराजांनी कंपनीचा रेसिडेंट टॉरिन यास एक पत्र लिहिले. छत्रांस लावून दिलेली उत्पन्ने काढून घेऊ नयेत, ही त्यातील विनंती. ती करताना छत्रांत काय चालते याची त्यांनी जी माहिती दिली, ती मुळातून वाचण्यासारखी आहे.

ब्राह्मणापासून परयापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, जो कोणी वाटसरू येईल त्यास शिजलेला भात मिळे. जो शिजलेले घेत नसेल त्यास कोरडा शिधा आणि मसाला मिळे. वाढणे मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवीत, आणि ज्यांचे जेवण राहिले असेल त्यांनी यावे म्हणून बोलावीत. वाटसरू आजारी पडला तर वैद्य, औषध आणि पथ्याचे अन्न. गरोदर स्त्रीची सोय. पोरक्या मुलांचे पालन आणि शिक्षण. आणि वाटेतच कोणाचा अंत झाला, तर त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे उत्तरक्रिया. राज्य गेलेला, चोवीसएक वर्षांचा राजा परक्या सत्तेपाशी मागणे मागतो आहे, आणि मागतो ते वाटसरूच्या रात्रीच्या भातासाठी. आपल्या तनख्यासाठी भांडणारे संस्थानिक हिंदुस्थानने पुष्कळ पाहिले. हे पत्र आम्हांस त्यांच्या ओळीत बसवता येत नाही.

पडशीच्या हलकेपणाचा उलगडा येथे होतो. यात्रेकरूच्या ओझ्यात जड काय असते? शिधा, भांडी, औषध, आणि काही विपरीत घडले तर म्हणून बांधलेले पैसे. या चारही गोष्टींचा भार छत्राने आपल्याकडे घेतला. वाटेवर पुढे कोणी तरी घंटा वाजवून आपणांस जेवावयास बोलावील असा भरवसा ज्याला आहे, त्याची पडशी हलकी राहते. ज्याला तो नाही, त्याला तीन हजार माणसे न्यावी लागतात. स्वतः महाराजांना असे लवाजम्यानिशी जावे लागले याला राजेपणाचा डौल कारण होताच, परंतु तंजावरपासून काशीपर्यंत सगळीच वाट काही तंजावरची नव्हती.

पुढे नागपट्टणम ते तंजावर लोहमार्ग १८६१ मध्ये सुरू झाला आणि १८६२ मध्ये तो तिरुचिरापल्लीस पोचला. तंजावरचे राज्य त्याआधीच, १८५५ मध्ये, दुसऱ्या शिवाजी महाराजांच्या मृत्यूनंतर खालसा झाले होते. आगगाडीने दिवसांचे तास केले, पण ओझे कमी केले नाही, उलट वाढविले. पत्र्याची ट्रंक, होल्डॉल, फिरकीचा तांब्या, डब्यांची चळत. हमाल मिळतो हे कळले की मनुष्य काहीही बांधतो. आमच्या आधीच्या पिढीने बदलीच्या गावी उतरताना फलाटावर सामानाचे नग मोजले, त्या मोजणीतच त्यांचे निम्मे आयुष्य गेले.

विमानाने ही सवय एकदम मोडली. तंजावरला वायुसेनेचा तळ आहे. आपल्यासारख्यांस मात्र पन्नास-पंचावन्न किलोमीटरांवरील तिरुचिरापल्लीचा विमानतळ गाठावा लागतो, आणि तेथून अनेकदा चेन्नईस वा बंगळुरूस विमान बदलावे लागते. येथील उन्हातून निघालेला मनुष्य तासा-दोन तासांत थंड, कोरड्या हवेत बसतो. विमानातील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तितकाच ठेवलेला असतो. एका जागी बसून पाय सुजतात, पोट तटतटते. अशा वेळी घट्ट पाटलोण आणि आवळलेला पट्टा यांपेक्षा बाराबंदीचे तत्त्व कामास येते. सैल सुती सदरा, कमरेस न काचणारे वस्त्र, तपासणीच्या वेळी सहज निघेल असे पायताण, आणि उपरण्याच्या जागी एक पातळ शाल. तंजावरला लोकरी कपडे घेऊन येण्याचे कारण नाही. कावेरीच्या या सखल प्रदेशात त्यांस हिवाळा भेटणार नाही. विमानापुरती शाल पुरे. ती हातसामानात असावी, पेटीत नव्हे.

पडशीचा नियमही तसाच लागू पडतो. पुढची पिशवी म्हणजे हातातील ७ किलो. औषधे, चष्मा, नेमणुकीचे कागद, एक बदलावयाचा जोड, आणि दूरध्वनी भारित करण्याची बॅटरी. ही बॅटरी मोठ्या सामानात ठेवण्यास मनाईच आहे. मागची पिशवी म्हणजे बाकीचे १५ किलो. लोणच्याची बरणी आणावयाचीच असेल तर याच पेटीत, आणि झाकणावर कापड बांधून, दुहेरी पिशवीत; वर दाब उतरला की बरणीतील हवा फुगते आणि तेल वाट शोधते. सुक्या खोबऱ्याचा मोह मात्र धरू नये. त्यातील तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानाने नेण्यास त्याला बंदी आहे. तंजावर जिल्ह्यात नारळ घेऊन येणे हा तसाही विनोदच म्हणावा. नारळावरून आठवले : २०२४ मध्ये शबरिमलैच्या यात्रेकरूंस इरुमुडीतील नारळ हातसामानात नेण्याची काही काळापुरती सूट देण्यात आली होती. दोन कप्प्यांची ती जुनी पिशवी अशा रीतीने विमानातही शिरली.

‘काय आणू?’ या प्रश्नाचे आमचे उत्तर एव्हाना वाचकांच्या ध्यानात आले असेल. गोडा मसाला आणा, तो येथील दुकानांत सापडणार नाही. भाकरीसाठी ज्वारीचे पीठ थोडे आणा. तूरडाळ, तांदूळ, नारळ, चिंच यांनी बाजार भरलेला आहे; ते आणू नका. धोतरे आणू नका. येथील वेष्टी सुरेख असते, आणि ती नेसून देवळात गेलेल्या परप्रांतीयाकडे पुजारीही जरा प्रसन्नपणे पाहतो. वर्षभराचे सामान बांधून जे येतात, ते वर्षभर शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागावयास जात नाहीत, आणि त्यांना शेजाऱ्याचे नावही कळत नाही, असे आम्ही येथे एकाहून अधिक घरी पाहिले आहे. शेजारच्या मामींनी पहिल्या दिवशी दिलेल्या रसमाने घरात जो प्रवेश केला तो पुढे कायमचा ठरला, अशीही घरे आम्ही पाहिली आहेत.

राहता राहिली परतीची बांधाबांध. रेशमी वस्त्रे बांधताना वेखंडाची पुरचुंडी ठेवावी. सरस्वती महालातील पोथ्यांस कसर लागू नये म्हणून वेखंड, मिरी, लवंग, दालचिनी आणि कापूर यांच्या पुड्या ठेवण्याची जुनी रीत आहे. दोनशे वर्षांमागील कागद ज्याने राखले, ते एका पैठणीस पुरेसे आहे. मोडी कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ठेवावयाचे, त्या गठ्ठ्यासच आपल्याकडे रुमाल म्हणतात. कापडाने कागद श्वास घेतो, प्लास्टिकने घामेजतो, कपड्यांचेही तेच. तंजावरची मान डोलावणारी बाहुली मुलांसाठी सगळेच नेतात. ती उभी करून बांधू नये. तिचे डोके, धड आणि घेर सुट्टे होतात. प्रत्येक भाग निरनिराळ्या पंच्यात गुंडाळावा, खालचा जड भाग पेटीच्या तळाशी ठेवावा, आणि डोके हातसामानात घ्यावे.